चरीचा तळ

९ एप्रिल ७३
तलावाच्या बांधाखालून पाणी झिरपू नये म्हणून खोदलेल्या चरीला खडक लागला. पहार मारली की खणखणीत वाजतो. ओव्हरसियरसाहेब खूश. “मिस्त्री, पाया मिळाला. वहीत लिहा, सोमवारी काळी माती भरू.” लिहिलं नाही अजून. सटवाजीबाबा चरीत उतरलेच नाहीत. जन्मभर विहिरी खोदलेला माणूस, काठावर तोंड पाडून बसलेला.

१० एप्रिल
बाबांना विचारलं. “ह्यो खडक न्हाय, झाकण हाय. खाली गेरू असंल. पानी तुंबलं की सुटंल.”

१२ एप्रिल
दोन दुपारच्या सुट्ट्या, बाबा आणि मी. कोपऱ्यात भोक पाडलं. दोन वितींवर पहार भसकन आत. टोकाला लाल माती.
बांधाच्या खाली आमचाच बौद्धवाडा. बांध फुटला तर पहिला तोच.

१३ एप्रिल
ओ.सा.ना सांगितलं. चिडले असते तर बरं. “लिहा की तसं. वरून तपासायला येतील तोवर काम बंद. महिना लागो, दोन लागो. टोपली उचलणाऱ्या बायांना तुम्हीच सांगा.”
दुष्काळी काम बंद म्हणजे चारशे चुली बंद. त्यात आईची, म्हणजे माझीही.

१४ एप्रिल
जयंती. निळा झेंडा लावला, गोड म्हणून कामावर वाटतात ती सुकडीच.
आईला सगळं सांगितलं. “लई कळतं व्हय रे तुला? तलाव भराया आदी पाऊस पडावा लागतो. पोटाला आज लागतं.”
“पडला तर वाडा वाहून जाईल आपला.”
“पडू तर दे!”
बाया हसल्या. मी सगळ्यांदेखत आईवर ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा. फार लाज वाटते.

१५, रविवार
सटवाजीबाबा घरी आले. बसले नाहीत. “मिस्त्री, म्या बोललो ते इसरा. सून गरवार हाय माजी, ती बी टोपलं उचलती. काम बंद पाडू नगा.”
ज्याच्या जोरावर उभा होतो तोच हात जोडतोय. आता कुणाला विचारू? इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही कोरडी.

१६ एप्रिल
सकाळी काळी माती घेऊन बाया रांगेत. ओ.सा. म्हणाले, “काय मिस्त्री?” सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी वही उघडली आणि मिटली. आईनं माझ्याकडं न बघता पहिलं टोपलं चरीत ओतलं. मग सगळ्यांनीच.
आम्ही पाडलेलं भोक कुठं होतं, संध्याकाळी मलाच सापडेना. ‘खडक लागला’ या नोंदीखाली माझी सही ओ.सा. उद्या मागतो म्हणालेत.