डब्याचं झाकण

१४ जानेवारी
संक्रांत, आणि रविराज ओव्हरटाइमला! सगळ्यांचे नवरे घरात, माझा चाकणला वेल्डिंग करतोय. गॅसकटर टोळीनं तिसरी बँक फोडली म्हणे. गल्लीत दुसरा विषयच नाही. खालच्या खोलीतले हिंदुरावकाका बँकेत वॉचमन. म्हटलं, काका, सांभाळून. तर तिळगूळ तोंडात टाकून म्हणतात, "भिऊ नगं पोरी, माझी काठी हाय की!"

१५ जानेवारी
रविराज मोबाइलवर फोडलेल्या तिजोरीचा फोटो मोठा करून बघत होता. "काय सफाईनं कापलंय राव!" चोरांचं कसलं डोंबलाचं कौतुक! आपल्या दाराची कडी दोन महिने तुटलीय, ती कोण जोडणार?

२९ जानेवारी
वैताग नुसता! रविराज रात्रपाळी करून सकाळी आला, डबा कंपनीत विसरला – झाकण तेवढं पिशवीतून आणलं! मामानं लग्नात दिलेला डबा. झाकणावर माझं नाव, डब्यावर 'मामाकडून सप्रेम भेट'. "आणतो उद्या," म्हणाला आणि पांघरूण ओढून झोपला. नुसत्या झाकणाचं काय लोणचं घालू?
दुपारी कळलं – काकांचीच बँक फुटली. काकांच्या डोक्यात पहार घातली. शुद्ध नाही अजून. देवा!

१ फेब्रुवारी
चौघे सापडले. ताथवड्याच्या फ्लॅटमध्ये पार्टी करत होते, मूर्ख! कटर चालवणारा पाचवा फरार. चौघांना त्याचं नावही माहीत नाही, नुसतं 'मिस्त्री' म्हणायचे. बँकेत सापडलेल्या वस्तूंचा फोटो ग्रुपवर आला. हातमोजे, पहार, स्टीलचा डबा. 'मामाकडून सप्रेम भेट.' आत भेंडी तशीच.
भेंडीला कोण हात लावत नाही, हे मला कुणी सांगायला हवं? घरचा डबा घेऊन दरोड्याला गेला हा माणूस!
विचारलं. आधी म्हणे, "असे डबे घरोघरी असतात." मग पायच धरले. "काकांना मी नाही मारलं गं. तू गप्प राहा, सगळं निभावेल." काय निभावेल? तिकडे म्हातारा मरणाच्या दारात!

३ फेब्रुवारी
काकूंना दवाखान्यात जेवण नेऊन दिलं. "तूच गं माझी," म्हणाल्या.

५ फेब्रुवारी
हिंदुरावकाका गेले.

६ फेब्रुवारी
झाकण घेऊन चौकीत गेले. साहेबांनी डब्यावर ठेवून बघितलं. घट्ट बसलं.