पार्ल्यातलं पहिलं जर्मन नृत्यनाट्य

२५ नोव्हेंबर १९५६
काल ऑफिसातल्या साहेबांच्या पासवर फोर्टात जर्मन मंडळींचा कार्यक्रम पाहिला. नाच म्हणावा तर घुंगरू नाहीत, नाटक म्हणावं तर संवाद नाहीत. एक माणूस खुर्चीवरून पडतो, उठतो, पुन्हा पडतो. शेजारचे गृहस्थ म्हणाले, बायको गेल्याचा शोक आहे. मला आधीच समजलं होतं. हे मला सहज जमेल. निश्चय: पार्ल्यात हा प्रकार मीच आणणार.

२८ नोव्हेंबर, सकाळ
सराव सुरू. एकदाच पडलो. कंबर धरली. उद्यापासून नियमित.

२ डिसेंबर
आमच्या मंडळाच्या संमेलनात प्रयोग मागितला. सेक्रेटरी नंदकिशोर यांनी विचारलं, गाणी किती? म्हटलं, एकही नाही. म्हणाले, मग दहा मिनिटांत आटपा, मागून बायकांच्या फुगड्या आहेत. कलेची कदर नाही.

५ डिसेंबर
विषय ठरला. मूल गेलेले आईबाप. अनुभव घरचाच आहे; जूनमध्ये आमची मुलगी बारशाआधीच गेली. आईचं काम बायकोच, म्हणजे सुगंधा करील. तेव्हापासून ती फारशी बोलत नाही, म्हणजे जर्मन पद्धतीला अगदी योग्य. विचारलं, तर म्हणाली, नुसतं बसायचंय ना? होकारच तो.

१६ डिसेंबर
तालीम नाही. कंबर. शिवाय फार तालमींनी भाव मरतो.

२३ डिसेंबर, दुपार
आज प्रयोग. लोक रडणार. सुगंधाला जास्तीचा रुमाल घ्यायला सांगितलं.

२४ डिसेंबर
सुगंधा खुर्चीवर बसली. मी पडलो. हातपाय ताणून थरथरलो. पुढच्या रांगेतून शेजारच्या जानकीकाकू ओरडल्या, अगं बाई, फीट आली! कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल. मी ओरडून सांगितलं, अहो, हा शोक आहे! सगळा हॉल हसला. सुगंधाही हसली. हसायची थांबेचना. मग तसंच रडायला लागली. काकूंनी तिला पोटाशी धरलं. मी बाजूला उभा होतो. नंदकिशोरनी पडदा पाडला. एकंदरीत प्रयोग परिणामकारक झाला.

२६ डिसेंबर
जेवताना सुगंधा आपणहून बोलली. म्हणाली, तिचं नाक अगदी तुमच्यासारखं होतं, नाही हो?
मी आठवून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. चेहराच डोळ्यांपुढे येईना.
हो म्हटलं. आणि भात मागितला.