पहिली चिमूट

बेळ्ळंदूर, बेंगळूरु
मंगळवार, ता. १८ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कस्तुरीस,

श्यामलाक्काचा आशीर्वाद. इकडे सगळे ठीक. तिकडचं तू जेवढं सांगतेस तेवढंच मला कळतं. प्रतापरावांचा गुडघा कसा आहे? तुझी लेक वेदिका सासरी रुळली का?

पत्र बघून हसू नकोस. फोनवर तुझ्या शेजारी नवरा असतो, माझ्या शेजारी सूनबाई, आणि तू तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतेस. हे एकटीनं वाच. गॅस बंद करून बस.

रविकिरण आणि रंजितानं मला कोरमंगल्याच्या दातांच्या दवाखान्यात नेलं, हे तुला सांगितलं होतं. खालच्या हिरड्या सुजलेल्या, दोन दात हलायला लागलेले. डॉक्टर प्रियदर्शनी म्हणून आहेत, वेदिकापेक्षा थोड्या मोठ्या असतील, कन्नड बोलतात म्हणून मला बरं वाटलं. म्हणाल्या, "अम्मा, कापाकापी नाही, टाके नाहीत. लेसरनं हिरडीच्या आतली घाण काढू." डोळ्यांना चष्मा लावला, हिरडी बधिर केली. दुखलं नाही, पण जळका वास नाकात बसला तो संध्याकाळपर्यंत. पंधरा दिवसांत हिरडी भरून येईल म्हणाल्या.

नाही आली.

आता ऐक. पहिल्या दिवशी फॉर्म भरताना रंजितानं विचारलं होतं, "आई, तंबाखू खाता का?" मी म्हटलं, "काहीतरीच काय." आणि खरं सांगते, खोटं बोलले असं मला वाटलंही नाही. आपल्या निपाणीत तंबाखू खातात ती पुरुषमाणसं. आपण बायका मशेरी लावतो, दात घासायला. दिवसातून पाच वेळा दात कोण घासतं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. लेसर करून घरी आले त्या दिवशीही संध्याकाळी न्हाणीत जाऊन लावली. आठ वर्षं मी सुनेच्या घरात दार लावून लावतेय. नुसते दात घासायचे तर दार कशाला लावायचं, सांग बघू.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी लेसरचं पेन हातात घेतलं, ओठ खाली ओढला आणि बघतच राहिल्या. मग पेन ठेवून दिलं. "अम्मा, दात कशानं घासता?"

"मशेरीनं."

त्यांना ठाऊक नव्हतं. मग मीच सांगितलं की तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, चाळायची. माझी बहीण फार छान करते, हेही सांगितलं, तेसुद्धा कौतुकानं. रंजिता भिंतीला टेकून उभी होती.

ओठाच्या आत पांढरा चट्टा होता. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला सहा दिवस लागले. त्या सहा दिवसांत मला घास गेला नाही, डोकं ठणकायचं, रंजितावर उगाच खेकसायचे. ती बिचारी पेज करून आणायची आणि दुकानात शिकलेलं कन्नड माझ्यावर चालवायची, "आई, स्वल्प घ्या." तू भडंगाच्या डब्यात लपवून पाठवलेली मशेरीची बाटली मी तिच्यादेखत संडासात ओतली. पाणी सोडलं आणि मला रडू आलं. मशेरीसाठी रडले की कशासाठी, मला सांगता येत नाही.

काल रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. अजून नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मशेरी सुटली तर चट्टा कमी होऊ शकेल, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोण लावतं?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

लिफ्टपाशी गेले, दार उघडलं, पण मी आत गेले नाही.

कस्तुरी, वेदिकाच्या हळदीच्या सकाळी आपण दोघी मागच्या पायरीवर मशेरी लावत बसलो होतो. तू थुंकायला वाकलीस आणि हसता हसता ओठ बाजूला झाला. मी पाहिला. तुझा चट्टा माझ्याहून मोठा आहे आणि मधे लाल आहे. लग्नाच्या जेवणात तू ठेच्याला हात लावला नाहीस, दहीभात खाल्लास, पित्त झालंय म्हणालीस. मला तेव्हाच कळलं होतं. पण तुला बोलले असते तर मला माझाही ओठ आरशात उलटून बघावा लागला असता. म्हणून गप्प बसले. दोन महिने गप्प बसले. याचा मला फार त्रास होतोय.

आणि एक. तू आठ वर्षांची होतीस, मी तेरा. आई तंबाखूच्या वखारीत जायची, तुला माझ्यावर सोडून. तुझी दाढ दुखायची, तू रडायचीस. मी आईच्या डबीतली चिमूट तुझ्या दाढेला लावली. तू गप्प झालीस आणि मी खेळायला गेले. दुसऱ्या दिवशी दाढ दुखत नव्हती, तरी लावली. मला खेळायला जायचं होतं. आईनं लावली असं तू सगळ्यांना सांगतेस. आईनं नाही लावली.

मी लिफ्टपासून मागे फिरले आणि डॉक्टरांना तुझं नाव सांगितलं. पुढच्या मंगळवारी, पंचवीस तारखेला, सकाळी अकराची तुझी इथली वेळ आहे. पत्र गुरुवारी पोचेल. शुक्रवारी मी बसनं निघतेय, शनिवारी तुझ्या दारात असेन. प्रतापरावांना काय सांगायचं ते मी सांगेन. पित्ताची गोष्ट मला ऐकवू नकोस. माझ्याशी भांड, हवं तर जन्मभर बोलू नकोस, पण पिशवी भरून ठेव. आणि तव्यावर काही भाजत असशील तर आत्ता उतरव.

तुझ्या दाढेला पहिली चिमूट लावणारी,
श्यामलाक्का