बाबांच्या वाक्यामधला काळा पडदा

६ नोव्हेंबर, गुरुवार
आज पुन्हा. बाबा टाईप करत होते, "तुझ्या आईला सांग, डाळीत" आणि स्क्रीन काळी. मशीन चालू, पंख्याचा आवाज चालू, नुसता पडदा गेलेला. बाबा थांबले नाहीत. अंबरनाथला चाळीस वर्षं आधी छपाईचं, मग डीटीपीचं दुकान चालवलेला माणूस, त्यांना बघायची गरज काय! थोड्या वेळाने पडदा आपोआप आला तर वाक्य पूर्ण होतं : "...मीठ नाही. मी आजारी आहे, संन्यासी नाही."
आई हसली. मला हसू येईना. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलं तेव्हापासून दुकानातून घरी आणलेला हा डबडा कॉम्प्युटर म्हणजेच बाबांचा आवाज. पाटी आणून दिली होती. "मी काय पहिलीत आहे?" असं तिच्यावरच लिहून परत केली, तेही वाकडंतिकडं, कारण उजवा खांदा उचलत नाही. मोबाईलवर बोट थरथरतं. कीबोर्डवर मात्र दोन्ही हात टेबलाला टेकलेले, आणि अक्षरं झरझर.

८ नोव्हेंबर, शनिवार
ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडदा चालवणारा प्रोग्रॅम, काढला, जुना टाकला. नवा आपोआप अपडेट झाला होता, मला वाटतं तोच चोर. दिवसभर ठीक. बाबांनी पेपरातल्या चुका टाईप करून दाखवल्या. मथळ्यात दोन. माणसाचा आवाज गेला तरी खोड जात नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार
अर्धी रजा. दवाखाना. मानेत गाठ परत आलीय.
डॉ. म्हणाले केमो देता येईल. उपयोग किती होईल सांगता येत नाही, त्रास मात्र नक्की. "पेशंटला विचारा. ठरवायचं त्यांनीच. एक तारखेला येऊन सांगा." पेशंट समोर बसलेले आणि डॉ. माझ्याकडे बघून बोलतायत. आवाज गेला की लोक माणसाला बहिराही समजतात.
रिक्षात आई एकटीच बोलत होती. "करायचा. सगळा करायचा. का नाय करायचा?" बाबा बाहेर बघत होते. आमचं कात्रप येईपर्यंत तसेच.

१३ नोव्हेंबर
विचारलं. "बाबा, काय करायचं?" त्यांनी टाईप केलं, "सांगतो." आणि काळा पडदा. या वेळी आलाच नाही, मशीन बंद करून चालू करावं लागलं. तोवर बाबा झोपले.
आई : "मेल्याला बरा समजतो. कामाचा बोलायला लागले का डोळा मिटतो."
ड्रायव्हर निर्दोष सुटला. आता केबल.

१५ नोव्हेंबर, शनिवार
केबल बदलली. शेजाऱ्यांचा मॉनिटर लावून पाहिला. रॅम काढून खोडरबरने पुसली. काळा पडदा (यापुढे का.प.) सकाळी एकदा, दुपारी दोनदा. कधी पटकन येतो, कधी नाही. पूर्ण बिघडला असता तर बरं, सरळ दुरुस्त तरी करता आला असता. हे म्हणजे धड मरत नाही, धड...
वाक्य खोडणार होते. राहू दे. माझ्याशिवाय कोण वाचतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार
सापडलं!! आणि सापडलं नसतं तर बरं झालं असतं.
कॅबिनेट उघडलं. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यात हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या. पंखा पार अडकलेला. कार्ड तापायचं आणि पडदा जायचा. दसऱ्याला आई या मशीनची पूजा करते, दुकानात होतं तेव्हापासून. तिथे वरून कव्हर असायचं. घरी आणताना ते हरवलं, नुसती जाळी राहिली. आणि यंदा बाबा ऑपरेशन होऊन नुकतेच घरी आलेले, त्यामुळे मुठीमुठीने वाहिलेलं, कारण आता हेच त्यांचं तोंड.
मी मूर्खासारखी बोलून गेले, "आई, हे बघ तुझं कुंकू."
तिचा चेहरा. मला आत्ताही बघवत नाही. "मीच केला का गं? त्यांचा बोलना मीच बंद केला?"
मी नाही नाही म्हणेपर्यंत बाबा उठून आले. पंख्यात बघितलं आणि हसायला लागले. हसले की गळ्याच्या भोकातून नुसती हवा येते, सूं सूं. थांबेचनात. त्यातली एक पाकळी उचलून आईच्या केसांत ठेवली. आई चिडली, "काय माणूस हाय हा!" आणि पाकळी काढली नाही.
आत जाऊन रडले. बऱ्याच दिवसांनी. बरं वाटलं.

१९ नोव्हेंबर
पंखा साफ करूनही का.प. तापून तापून कार्ड आतून गेलेलं दिसतंय. आता दुसरं शोधणं आलं, पण इतक्या जुन्या मशीनला नवीन बसत नाही.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उल्हासनगर, कॅम्प ४. जुन्या सुट्या भागांचं सिंधी काकांचं दुकान, बाबांच्या ओळखीचं. काकांनी कार्ड हातात घेऊन वास घेतला. "ये तो जल गया बेटा. और ये लाल-लाल क्या है?" सांगितलं. म्हणाले, "अरे, हम भी करते हैं पूजा. पर ऊपर रुमाल डाल के." मग, "पप्पा कैसे हैं? अभी भी उतना ही झगड़ा करते हैं?"
मी म्हटलं, "हां, टाईप करके." त्यांनी कार्डांचा खोका पुढे ओढला. दुसरं कार्ड स्वतः माझ्यासमोर चालवून दिलं, बराच वेळ. आईसाठी सेव-बर्फी बांधून दिली, नको म्हणायची सोय नव्हती.
घरी बसवलं. पडदा लख्ख. बाबांनी टाईप केलं, "अक्षर काळंभोर दिसतंय. शाब्बास मीना." शाळेत असतानाही कधी म्हणाले नव्हते.

२५ नोव्हेंबर
तीन दिवस एकदाही नाही. बाबांचं बोलणं जोरात. वरच्या मजल्यावरच्या ड्रिलिंगवर तक्रार, माझ्या केसांवर तक्रार, शिरगावच्या मामाचा फोन आला तर त्याला वाचून दाखवायला एक शिवी.
एक तारखेचं मात्र अक्षर नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
परत काळा.
आई विचारत होती, "अहो, जाऊ या ना सोमवारी? एकदा सांगा ना." मी भाकऱ्या थापत होते. आईची हाक : "मीने, गेला बघ परत!"
कार्ड थंड. केबल घट्ट. ड्रायव्हर ठीक. माझं डोकं गरम. काकांना फोनवर जवळजवळ भांडले. ते म्हणाले, "बेटा, लाके दिखाओ, बदल दूँगा."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
बघितलं.
आई त्यांच्याजवळ स्टूल घेऊन बसली होती, तेच विचारत. मी दारात. बाबांचा डावा अंगठा मॉनिटरच्या खालच्या कडेला गेला. पडदा काळा. खालचा छोटा दिवाही विझलेला. बिघाड असतो तेव्हा तो दिवा चालू राहतो. इतकं साधं, आणि मी बुधवारपासून कार्ड काढतेय, घालतेय. आग सोमेश्वरी नि बंब रामेश्वरी.
बटण. बाबा बटण दाबतायत.
आईने विचारलं, "आता काय झाला याला?" मी म्हटलं, "ड्रायव्हर असेल. बघते मी." खोटं किती सहज येतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं की मला कळलंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार
आई भाजीला गेल्यावर मी पडदा चालू केला आणि शेजारी बसले. 
बाबांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग : "चाळीस वर्षं लोकांचे मजकूर जुळवले. बारशापासून तेराव्यापर्यंत. हे एक वाक्य तुझ्या आईसमोर जुळत नाही."
"नको आहे का तुम्हाला बाबा? केमो?"
"दमलो गं."
एवढंच. मी त्यांचा हात धरला. मला म्हणायचं होतं की माझ्यासाठी घ्या. म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं का? कळत नाही. त्यांनी हात सोडवून घेतला आणि सगळं पुसलं, एकेक अक्षर. मग टाईप केलं, "तिला तू नको सांगूस."
आई परत आली तेव्हा पडद्यावर हवामानाची बातमी.

३० नोव्हेंबर, रविवार
उद्या दवाखाना. आईने पिशवी भरली. फाईल, टॉवेल, बाबांचा मफलर, बिस्किटं. दाराशी ठेवली. बाबा तिच्याकडे बघतच नाहीत.
दुपारी मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "तो बटन मला दाखव."
"कसलं बटण?"
"मीने, मी येडी नाय. पडदा जातो तवा ह्यांचा हात कुठं असतो, मला दिसत नाय का? कुंकवानं गेला तवा निराळा जात होता."
 म्हटलं, "आई, मग तू बोलली का नाहीस?"
"काय बोलू? त्यांना नाय म्हणायचा हाय, ते मला दिसतंय. मला ऐकायचा नव्हता म्हणून मी पन गप. तू रोज कारड उघडतेस, म्हटला उघडू दे." डोळे पुसले. पदराने नाही, हाताच्या पाठीने, रागाने. "उद्या तिथं डॉक्टरपुढं तू बोलणार त्यांच्या जागी? नाय. त्यांनीच बोलायचा. मला."
दाखवलं. खालच्या कडेला, डाव्या टोकाचं.
ती जाऊन स्टुलावर बसली. मी दारातच. "अहो," म्हणाली. बाबांचा अंगठा गेला, पडदा काळा. आईने हात पुढे केला, चाचपलं, दाबलं. पडदा आला. बाबांनी परत बंद केला. तिने परत चालू केला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते, दोघंही पडद्याकडे. मग तिने आपला हात त्या बटणावरच ठेवून दिला.
मी गॅलरीत आले. पाच वाजून गेलेत, खाली मुलं ओरडतायत.
आतून कीबोर्डचा आवाज येतोय. थांबला. परत सुरू झाला. बाबांच्या नेहमीच्या वेगाने नाही, एकेक कळ. आईचा आवाज अजून आलेला नाही.