किल्ली-फ्लॉपीची दुसरी प्रत

१८ मार्च १९९९, गुरुवार. पाडवा
दुकानात कॉम्प्युटरची पूजा केली. नवीन वर्षाचा संकल्प: सगळं ओरिजिनल, सगळं कायदेशीर. मुरबाडमध्ये मराठी टायपिंगचा ओरिजिनल प्रोग्रॅम फक्त माझ्याकडे आहे. एसटी स्टँडसमोरच्या विपुलकडे कॉपी आहे. गिऱ्हाइकं त्याच्याकडे जास्त जातात, पण ती क्वालिटीची नाहीत.
प्रोग्रॅमची किल्ली-फ्लॉपी वर्षभर रोज रात्री घरी देव्हाऱ्यात ठेवतो. ती ड्राइव्हमध्ये घातल्याशिवाय प्रोग्रॅम उघडतच नाही, म्हणून एवढी काळजी. आज आणून तिला स्वतः हळदकुंकू वाहिलं. पत्र्याची पट्टी सरकवून आतही थोडं वाहिलं.

१९ मार्च, शुक्रवार
प्रोग्रॅम उघडत नाही. ‘किल्ली-फ्लॉपी घाला’ म्हणतो. घातलेलीच आहे.
फुंकर मारली. उन्हात ठेवली. नम्रता म्हणाली, आत कुंकू गेलंय. मी म्हणालो, मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट. नम्रता माझी बायको. दुकानातलं टायपिंग ती करते, व्यवस्थापन माझ्याकडे.
ती असंही म्हणाली की दिवाळीतच दुसरी कॉपी करून ठेवायला हवी होती. पण ही फ्लॉपी कॉपी होत नाही. कंपनीने तिला कुलूप घातलंय. म्हणजे दोष माझा नाही.

२२ मार्च, सोमवार
महिपत वकिलांना कोर्टाबाहेर गाठलं. त्यांनी घरी बोलावून पुस्तक काढलं. कायद्यात स्पष्ट आहे: प्रोग्रॅम विकत घेतलेल्या माणसाला तो हरवू नये, बिघडू नये म्हणून स्वतःपुरती बॅकअप कॉपी करता येते.
मी जिंकलो.
वकील पुढे बरंच बोलले. कायदा कॉपी ठेवू देतो, पण कंपनीने कुलूप काढून द्यावं असं म्हणत नाही. शिवाय कॉपी करायची ती मूळ धड असताना. हे त्यांचं वैयक्तिक मत दिसलं. मुख्य पॉइंट माझ्या बाजूचा आहे.

२७ मार्च, शनिवार
पुण्याला कंपनीला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. हाताने लिहिलं, कारण प्रोग्रॅम बंद आहे. ‘आपण माझ्या हक्काच्या आड येत आहात’ हे वाक्य चांगलं जमलं. नम्रताला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. फ्लॉपी मागितली का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, फ्लॉपी नाही, हक्क मागितलाय.

३ एप्रिल, शनिवार
कल्याणहून कॉपी करणारा खास प्रोग्रॅम आणला. कुठलंही कुलूप तोडतो म्हणाले होते. त्याने शेवटपर्यंत कॉपी केली, फक्त एक जागा सोडून. किल्ली त्याच जागेत असते असं समजलं.
गिऱ्हाइकांना ‘सिस्टिम अपग्रेड चालू आहे’ सांगतो. कुणी पुढे विचारत नाही.

७ एप्रिल, बुधवार
शहापूरहून गीताताईचा फोन. माझी मोठी बहीण. तिच्या मनालीचं लग्न ९ मेला आहे आणि पत्रिका मामाकडून, म्हणजे माझ्याकडून. ती फेब्रुवारीतच ठरली होती. सोमवारपर्यंत देतो म्हणालो.
विपुलने नम्रताकरवी निरोप दिला: “काका, माझी कॉपी घेऊन जा ना. तिला किल्ली लागतच नाय. सगळे हीच वापरतात, कुणी विचारत नाय.”
नकार दिला. एका माणसाने तरी ताठ राहायला पाहिजे.

१३ एप्रिल, मंगळवार
कंपनीचं उत्तर आलं. खराब फ्लॉपी पाठवा, आठ दिवसांत नवी देतो. चार्ज नाही. कॉपी करू देता येणार नाही.
हा सापळा आहे. फ्लॉपी पाठवली तर माझ्याकडे पुरावा काय राहिला? पाठवणार नाही.
नम्रताने पत्र दोनदा वाचलं. “चार्जपण नाही म्हणतायत,” एवढंच म्हणाली. मग आत गेली. संध्याकाळी जेवणात मीठ नव्हतं. मी तसंच जेवलो. मला काही वाटलंही नाही.

१७ एप्रिल, शनिवार
गीताताई स्वतः आली. शहापूरहून दोन एसटी बदलून, भर उन्हात. तिला कायदा समजावून सांगितला. वकिलांच्या पुस्तकातलं कलमही सांगितलं. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, “अनिल, मला कायदा नको रे. पत्रिका पायजे. मामा करतोय म्हनून सगळ्यांना सांगून बसलेय मी. पोरीच्या सासरी आता काय सांगू?”
मी म्हणालो, दोन दिवस दे. ती नम्रताकडे बघत होती.

१९ एप्रिल, सोमवार
विपुलची कॉपी घेतली.
तत्त्व सोडलेलं नाही. मूळ प्रोग्रॅमचा मालक मी. मालकाला एक बॅकअप कॉपी ठेवता येते. माझी कॉपी आजवर विपुलकडे होती, ती आज माझ्याकडे आली. रस्त्यात महिपत वकील भेटले, त्यांना हे विचारलं. त्यांनी स्कूटर थांबवली नाही. विरोध केला नाही, म्हणजे मान्य आहे.

२१ एप्रिल, बुधवार
प्रोग्रॅम चालतो. नम्रताने दुपारभर बसून पत्रिका टाइप केली. दोन्हीकडची सगळी नावं, मानपानाप्रमाणे. खाली ‘मामाच्या लग्नाला यायचं हं’ हा छोट्यांचा नेहमीचा मजकूरही घालायचा होता. मी बदलायला लावला, कारण लग्न मामाचं नाही.
प्रेसला आजच देऊ म्हणाली. मी थांबवलं. किनार बारीक वाटते, वेलबुट्टी पाहिजे. सोमवारी देऊ.
निदान फाइल एका फ्लॉपीवर काढून ठेवते म्हणाली. मी म्हणालो, मशीन चांगलं आहे, फ्लॉप्यांवर माझा विश्वास उरलेला नाही.

२६ एप्रिल, सोमवार
सकाळी कॉम्प्युटर चालू केला. पंखा फिरला. पडदा काळाच.
वायर काढून लावली. बसून राहिलो. नम्रता आली, बघितलं, उभीच राहिली.

२८ एप्रिल, बुधवार
कल्याणहून इंजिनिअर आला. व्हायरस, म्हणाला. आधीच आत येऊन बसतो आणि २६ एप्रिलला सगळं पुसतो. मशीन सुरू करणारी चिपसुद्धा गेली. पत्रिका गेली. वर्षभरातलं सगळ्यांचं सगळं गेलं. अलीकडे बाहेरची फ्लॉपी घातली होती का, असं विचारलं. मी म्हणालो, माझी बॅकअप कॉपी घातली होती.
विपुलकडे गेलो. त्याची मशीनं चालू होती. म्हणाला, “मी मशीनची तारीखच पुढची करून ठेवली होती. काका, तुमाला सांगायचं राहिलंच.”
मी ठीक आहे म्हणालो. खरंच ठीक वाटत होतं. कुणीतरी दुसऱ्याबद्दल बोलत असल्यासारखं.

३० एप्रिल, शुक्रवार
नम्रता सकाळी न विचारता विपुलच्या दुकानात गेली आणि तिथल्या मशीनवर बसून पत्रिका पुन्हा टाइप केली. सगळी नावं तिच्या लक्षात होती. किनार बारीकच ठेवली. संध्याकाळी प्रेसला गेली.
मी दिवसभर दुकान उघडं ठेवलं. कंपनीला दुसऱ्या पत्राचा मसुदा सुरू केला. दोन ओळींनंतर कशासाठी लिहितोय ते आठवेना.

९ मे, रविवार
मनालीचं लग्न. मंडपात गर्दी चांगली होती, पत्रिका सगळ्यांना पोचल्या होत्या. पत्रिकेच्या मागे बारीक अक्षरात विपुलच्या दुकानाचं नाव. माझंही नाव होतं, निमंत्रकांमध्ये, मामा म्हणून. नम्रताने घातलेलं.
मनालीला बोहल्यापर्यंत मी नेलं. तिचा हात थंड होता.  जेवताना माझ्या पानात गीताताईने स्वतः जिलबी वाढली, आणखी एक वाढली, मग पुढच्या पानाकडे गेली. रागावली असती तर उत्तर तयार होतं.

१७ मे, सोमवार
नम्रता विपुलकडे बसायला लागली. दहावी-बारावीचे निकाल लागतील, अर्जांची गर्दी होईल, त्याला हात पाहिजेत. तात्पुरतं आहे. माझ्या मशीनचं ठरेपर्यंत. तिने मला विचारलं नाही, सांगितलं. मी मान्यता दिली.

२४ मे, सोमवार
दुपारी नम्रताचा डबा विसरला होता, तो घेऊन विपुलच्या दुकानात गेलो. ती पाठमोरी टाइप करत होती. वर न बघता, भराभर. तिला इतकी भराभर टाइप करताना मी नीट बघितलं नव्हतं. हाक मारावीशी वाटली नाही.
बाकावर गिऱ्हाइकं बसली होती. एक म्हातारा सरकला आणि जागा दिली. “तुमचापन अर्ज हाय का?” म्हणाला.
मी हो म्हणालो.
“टाइम लागंल,” तो म्हणाला. “बाई चांगली हाय, पन नंबरानंच घेते.”
डबा मांडीवर घेऊन बसलो. पंख्याचा वारा तिथपर्यंत येत नव्हता.