डावीकडची टकटक

निजामपुरा, बडोदे
गुरुवार, दुपार

प्रिय विमल,

पाकीट बघून तू आधी घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगतो, सगळं ठीक आहे. मी ठीक, घर ठीक, तुझी तुळस ठीक आणि परवापासून गाडीसुद्धा ठीक. घरोघरी फोन असताना हा माणूस पत्र कशाला लिहीत बसलाय, असं तुला वाटेल. पण फोनवर आपलं बोलणं म्हणजे भर चौकातलं बोलणं. आभा स्पीकर लावून फोन ओट्यावर ठेवते, जावईबापू मधेच येऊन बाबा जेवलात का विचारतात, मागे कुकर शिट्ट्या देतो. त्यात मला हवं ते बोलणं माझ्याच्यानं होत नाही. म्हणून हे पत्र एकटीनं वाच. आभाला त्यातलं काय सांगायचं, ते तू ठरव.

रविवारी तू विचारलंस, अहो, मला न्यायला कधी येताय. मी म्हटलं, होळी होऊन जाऊ दे, मग बघू. त्याआधी मी संक्रांत होऊ दे म्हटलं होतं, हे तू विसरलेली नाहीस. तू म्हणालीस, "माझ्यावाचून बरं चाललेलं दिसतंय तुमचं." आभा हसली, जावई हसले, मीही हसलो. तू हसली नाहीस, ते मला सुरतेहून इथपर्यंत ऐकू आलं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण तेव्हा सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. आज आहे.

तर आधी गाडीचं ऐक. तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तू आभाकडे वॉकर धरून चालायला लागलीस आणि मी एकटा गाडी घेऊन परत निघालो. हायवेला गाडी लोण्यासारखी चालली. आपल्या सोसायटीच्या तोंडाशी तो उंच गतिरोधक आहे ना, ज्यावर तू दर वेळी 'अगं आई गं' म्हणतेस, त्यावरून चाक खाली उतरलं आणि डावीकडून आवाज आला. टक. पुढे ड्रेनेजच्या झाकणावर पुन्हा, टक-टक. सपाट रस्त्याला चिडीचूप.

बाजव्याच्या बाजूला कारखान्यात पंपांवर जन्म काढलेला माणूस मी. शाळा जेमतेम मॅट्रिकपर्यंत, पुढचं सगळं कानानं शिकलो. सळईचं एक टोक पंपाला आणि दुसरं कानाला लावलं, की आतलं बेअरिंग किती दिवसांचं सोबती आहे ते समजायचं. तेव्हा गाडीच्या आवाजानं मी घाबरलो नाही. खरं सांगू, थोडा खूशच झालो. रिकाम्या घरात तेवढाच एक उद्योग.

दुसऱ्या दिवसापासून मी मागे लागलो. गतिरोधकावरून आधी फक्त डावं चाक नेलं, मग फक्त उजवं. बॉनेटचा एकेक कोपरा दाबून सोडला. गाडी एकदाच उसळून शांत झाली तर धक्के खाणारा जंपर चांगला, डुलत राहिली तर गेला. आपली शांत झाली. मग शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीला लागून काच खाली करून हळूहळू चालवली, कारण भिंत आवाज परत फेकते आणि कुठल्या बाजूचा आहे ते कळतं. डावी बाजू पक्की झाली. आवाज फक्त हळू चालवताना, फक्त खडबडीत जागी, कोरडा आणि बारीक. माझ्या कानानं निकाल दिला की पुढच्या डाव्या चाकाची लिंक रॉड सैल झाली आहे. तो एक छोटासा दांडा असतो, दोन्ही टोकांना लाडवाएवढे गोळे. त्या गोळ्यांत जरा मोकळीक आली की अस्साच वाजतो.

गाडी पीयूषभाईकडे नेली. तोच आपला सावली गावचा, तू दर दिवाळीला ज्याला चकली पाठवतेस तो. तो माझ्या शेजारी बसला, कॅमेऱ्यात दिसून दंडाचा मेमो येऊ नये म्हणून पट्टा छातीवरून ओढून घेतला आणि आम्ही सगळा निजामपुरा पालथा घातला. आवाज नाही. खड्डे शोधून शोधून त्यात गाडी घातली. नाही म्हणजे नाही. डॉक्टर दारात आला की पोराचा ताप उतरतो, तसं झालं. तो म्हणाला, काका, काही नाही, राहू द्या. मी हट्टानं लिंक रॉड बदलून घेतल्या. गॅरेजमधून एकटा निघालो आणि पहिल्याच गतिरोधकावर, टक.

मग खालच्या आर्मचे रबरी बुश बदलले. डिकी रिकामी केली. स्टेपनी, जॅक, तुझं ते घडीचं स्टूल, सगळं काढून ओसरीत मांडलं. तरी आवाज तसाच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. पण तू नेहमी म्हणतेस ना, ह्यांना भिंतीपलीकडचं ऐकू येतं आणि नाकासमोरचं दिसत नाही. तसंच चाललं होतं.

एकदा शेजारच्या नलिनीवहिनींना पुढे बसवून खंडेराव मार्केटला नेऊन आणलं. जाताना शांत, येताना शांत. मी न राहवून विचारलं, वहिनी, डावीकडून काही ऐकलंत? त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, काय हो भावजी? अशा मऊ आवाजात माणसं आजाऱ्याशी बोलतात. त्यांना फाटकाशी उतरवून गाडी वळवली. टक.

म्हणजे बघ, शेजारी कुणी असलं की आवाज नाही. मी एकटा असलो की आहे. पंपाच्या बाबतीत मी अशा माणसाला काय म्हटलं असतं? म्हटलं असतं, बाबा रे, पंप सोड, तू घरी जा.

त्या दिवसापासून मला दादा आठवायला लागला. त्याचं सुरुवातीला काय झालं होतं, आठवतं ना तुला? नळ गळतोय म्हणायचा. दिवसातून कितीदा उठून मोरीत जायचा आणि कोरड्या नळाखाली हात धरून उभा राहायचा. आपण प्लंबर बोलावला, वायसर बदलला, दादाला बरं वाटावं म्हणून सबंध नळच नवा बसवला. पंपवाल्याचा भाऊ आहे, त्याचा कान तेवढाच तिखट असणार, असं म्हणून मी हसलोही होतो. पुढे तो मला ओळखेनासा झाला. शेवटी फक्त तुला ओळखायचा, तेही आई म्हणून. त्याला न्हाऊ घालणं, भरवणं, कुशीवर वळवणं, जड माणूस एकटीनं उचलणं, सगळं तू केलंस. तुझे गुडघे कशानं गेले ते सुरतेच्या डॉक्टरांना माहीत नाही, मला माहीत आहे.

मन चिंती ते वैरी न चिंती. मी स्वतःची परीक्षा घेऊ लागलो. गाडी चालवताना पावकी-निमकी म्हणायचो. जुन्या पाळीतल्या माणसांची नावं आठवायचो. सगळी आठवायची, तरी धीर येईना, कारण दादालाही नावं बरेच दिवस आठवत होती. दोनदा दूध उतू गेलं. ते तू असतानाही माझ्या हातून जायचंच, पण आता प्रत्येक उतू जाण्याला अर्थ दिसायला लागला. शेवटी मी गाडीवर कापड घातलं आणि किल्ली देवघराच्या खणात टाकली. गाडीत बसलोच नाही तर आवाज येणार नाही, एवढीच अक्कल उरली होती.

मंगळवारी सकाळी पीयूषभाई आपणहून घरी आला. काका फिरकले नाहीत म्हणजे माझ्यावर रागावले असतील, असं त्याला वाटलं होतं. चहा घेतला, कापड ओढून काढलं आणि म्हणाला, आज तुम्ही चालवायची नाही. मी चालवतो आणि पुढचं ऐकतो, तुम्ही मागे बसून मागच्या चाकांचं ऐका, वाटणी करू. आता मी आणि स्टिअरिंग दुसऱ्याला देणं! तूच सगळ्यांना सांगत असतेस की हे एकवेळ मला देऊन टाकतील पण स्टिअरिंग देणार नाहीत. पण विमल, मी मुकाट्यानं किल्ली दिली. माझा स्वतःवर तेवढाही भरवसा राहिला नव्हता.

मी त्याच्या पाठीमागे बसलो. आपल्याच गाडीत मागे बसायचा माझा पहिलाच प्रसंग. फाटकातून बाहेर पडलो, गतिरोधक आला, चाक उतरलं. टक. ह्या वेळी विचारायचंच नाही असं ठरवलं होतं. त्याच्या मानेकडे बघत बसलो. मान हलली नाही. झाकण आलं. टक-टक. त्यानं गाडी बाजूला घेतली, ब्रेक ओढला आणि मागे वळला.

"काका, छे. अवाज छे." आहे, आवाज आहे!

मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. चष्मा काढून पुसायला लागलो आणि तो काही पुसून होईना. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला खर्चाची धास्ती बसली. टेन्शन ना लेशो काका, नानुं ज काम हशे, छोटंसंच काम असेल, म्हणून माझी समजूत घालत राहिला. गाडीत बिघाड निघाला म्हणून डोळ्यांत पाणी आणणारं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नसेल.

आता त्यालाही चेव आला. म्हणाला, पुढे या. मी त्याच्या शेजारी, तुझ्या जागी बसलो, पट्टा ओढला. त्याच गतिरोधकावरून पुन्हा नेली. आवाज नाही. परत मागे बसवलं, आवाज आला. परत पुढे, गेला. आमचा हा संगीत खुर्चीचा खेळ बघायला वॉचमन उठून आला. तिसऱ्यांदा पुढे बसून पट्टा ओढताना माझ्या खांद्यावर काहीतरी टोचलं. हात लावून बघतो तर तुझा चिमटा.

कपड्यांचा, निळा, प्लास्टिकचा. पट्टा गळ्याला काचतो म्हणून तू तो वीतभर सैल सोडतेस आणि वरच्या कडीपाशी चिमटा लावतेस, म्हणजे तो परत आवळत नाही. त्यावरून मी किती वेळा ओरडलोय. उतरताना आठवणीनं काढून पर्समध्ये टाकतेस. पण सुरतेला आभानं आणि जावयांनी तुला दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं, पर्स माझ्या हातात होती आणि चिमटा तिथेच राहिला. तेव्हापासून पट्टा पूर्ण गुंडाळलाच गेला नाही. त्याची लोखंडी जीभ सैल लोंबकळत होती आणि धक्का बसला की दोन दारांमधल्या खांबावर आपटत होती. कुणी शेजारी बसून पट्टा घेतला की ती गप्प. बसणाऱ्या प्रत्येकानं तो चिमटा पाहिला असणार आणि म्हटलं असणार, असेल यांच्या घरची सोय. पीयूषभाईनं तर चक्क तसं सांगितलं, मने एम के काकीए लगाडेलुं हशे, मला वाटलं काकींनीच लावला असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आम्ही दोघं रस्त्याच्या कडेला इतके हसलो की वॉचमननं पाणी आणून दिलं.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो. मी तुला न्यायला येत नव्हतो, कारण न्यायचंच नाही असं माझ्या मनानं घेतलं होतं. होळीनंतर आभाला सांगणार होतो की आईला आता तुझ्याकडेच राहू दे, तिथे लिफ्ट आहे, तुम्ही आहात. नवे गुडघे घेऊन तू घरी यावंस आणि दारात दुसरा दादा उभा असावा, हे मला बघवलं नसतं. तुला हे कळलं असतं तर तू वॉकर टाकून बसनं आली असतीस, म्हणूनच सांगत नव्हतो. तू आलीस की दोघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ, कान आणि डोकं दोन्ही तपासून घेऊ. वय झालंच आहे, नाकारत नाही. पण ह्या खेपेला तरी नळ खरोखरच गळत होता. शनिवारी सकाळी निघतो, दुपारच्या जेवणाला पोचेन, आभाला सांग, भरूचचे खारे शेंगदाणे, खारी सिंग, आणतोय. बॅग भरून ठेव. पट्ट्यावरचा चिमटा पीयूषभाई काढून डॅशबोर्डवर टाकत होता, मी त्याच्या हातातून घेतला आणि होता तिथेच परत लावून ठेवला. सुरतेपर्यंत वाजत राहू दे. येताना वाजणार नाही.

तुझाच,
श्रीकृष्ण