जास्तीचा नट

३ नोव्हेंबर
आजपासून सिग्नलची वार्षिक विद्युत तपासणी. शहरातला एकेक पोल माझ्या हाताखालून जाणार. यंदाचा संकल्प : घाई नाही. पोलची झडप उघडायची, अर्थिंगची वायर सोडायची, रीडिंग घ्यायचं, वायर परत आवळायची, मगच उठायचं. सुटे नट ठेवायला झाकणाची डबीसुद्धा आणली. साहेबांनी बढतीचं सूतोवाच केलंय. म्हणजे जिन्यात हसले.

६ नोव्हेंबर
लेकीच्या शाळेचा चौक. सिग्नल बंद केला आणि चारी बाजूंनी हॉर्न. ट्रॅफिक पोलीस डोक्यावर उभा. म्हणाला, तुमचं आटपेपर्यंत मी रिटायर होईन. त्यात साहेबांचा फोन, अजून किती राहिले? अशात कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? माझं राहिलं. रीडिंग झकास. केबलला मेगर लावून इन्सुलेशन बघायचं राहिलं, पण खराब केबल मला नुसती पाहून कळते. आत अंधार होता, ती गोष्ट वेगळी.
डबी घरीच राहिली. बायकोनं तिच्यात सेफ्टी पिना भरल्यात.

७ नोव्हेंबर
वॉशिंग मशीनमध्ये खडखडाट. माझ्या पँटच्या खिशातून नट निघाला. बायकोनं विचारलं, हा कुठला? म्हटलं, जास्तीचा. कंपनीवाले एखादा जास्त देतातच. ती म्हणाली, मग बॅगेत असता, खिशात कशाला? टेक्निकल गोष्टी घरात समजावणं अवघड. तिनं तो खिडकीत ठेवला.
झोप नीट लागली नाही. चहा कमी केला पाहिजे.

११ नोव्हेंबर
लेक म्हणते, शाळेजवळच्या सिग्नलचं बटण चावतं. रस्ता ओलांडायला दाबलं की बोटाला मुंग्या येतात म्हणे. तिला समजावलं, स्वेटरमुळे होतं तसं. विज्ञान आहे. बायको माझ्याकडे बघत राहिली, मग खिडकीकडे. घरात असं संशयाचं वातावरण बरं नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळ
मनात पाल चुकचुकली म्हणून ऑफिसला जाताना त्या पोलला हात लावला. चांगला पंजा टेकवून उभा राहिलो. काही नाही! समोरचा पानटपरीवाला माझ्या जाड रबरी सेफ्टी बुटांकडे पाहून हसत होता. हसू दे. झडप उघडायची म्हणजे पुन्हा परवानगी, पुन्हा तो पोलीस. शिवाय तपासलेलं परत तपासलं तर लोक म्हणतील, आधी काय केलंत?

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
लेकीला सांगितलं, बाबांनी स्वतः हात लावून पाहिलंय, बिनधास्त दाब. तिनं विचारलं, नक्की? म्हटलं, नक्की.

१४ नोव्हेंबर
सकाळपासून पाऊस. शाळेत जाताना लेक नखशिखांत भिजली होती. मी सांगितलं होतं म्हणून तिनं बटण दाबलं. हात सुटेना. मागून येणाऱ्या एका बाईंनी दप्तराला धरून तिला मागे खेचलं. बोटं भाजलीत. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस इथेच राहू दे.
मला भीती वाटतेय. पाऊस नसता तर काही झालं नसतं.

१५ नोव्हेंबर
चौकात गेलो. सिग्नलची वीज तोडलेलीच होती. झडप उघडली. केबल एका जागी सोललेली, पोलला टेकलेली. आणि अर्थिंगची वायर, मी सोडली होती तशीच, लोंबत. खिडकीतला नट बरोबर नेला होता. तो बसत नाही याची खात्री करून घ्यायची होती.
बसला. पाना लावावासुद्धा लागला नाही.
सोमवारी साहेबांना सगळं सांगणार. रिपोर्टात पावसाचाही उल्लेख असावा, एवढंच.

१७ नोव्हेंबर
साहेब मीटिंगमध्ये. दारापर्यंत गेलो होतो. उद्या नक्की.

१८ नोव्हेंबर
साहेबांनी स्वतःच बोलावलं. पाठीवर हात ठेवला, मुलीची चौकशी केली, म्हणाले, पावसात कुणाचा इलाज चालतो? मी मान डोलावली. अशा वेळी त्यांना दुखवणं बरं दिसलं नसतं.

१९ नोव्हेंबर
लेकीला पट्टी बदलायला नेलं. दवाखान्यात लिफ्टपाशी आलो. बटण दाबायला तिनं चांगला हात पुढे केला, मग मागे घेतला. विचारलं, बाबा, हे तुम्ही तपासलंय का?
म्हटलं, नाही गं, लिफ्ट माझ्याकडे नसते.
मग तिनं बटण दाबलं.